काकू, एकतीस ‘नाही’ झाले

(‘बोहणी’ हे वाचकांच्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणाऱ्या काकू वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात १९८९ पासून कापड विकतात. पहिली अकरा वर्षं डोक्यावर गाठोडं होतं, नंतर दुकान झालं.)

प्रश्न : काकू, मी देवळी तालुक्यातला, वय २६. बी.ए. करून घरी बसलो होतो. मार्चपासून एका कंपनीचं झटका मशीन विकतो, म्हणजे वावराच्या कुंपणाच्या तारेत झटका सोडून जनावरं दूर ठेवणारं. रोज सकाळी सातला ग्रुपवर साहेबांचा मेसेज येतो. ‘मी जिंकणारच’ असं तीनदा म्हणून रेकॉर्डिंग पाठवावं लागतं. मी पाठवतो. जुलैत ३१ कास्तकारांना मशीन दाखवलं, ३१ जणांनी नाही म्हटलं. साहेब म्हणतात, तुझ्यात निगेटिव्हिटी आहे, ती गिऱ्हाइकाला दिसते. आता गाडीला किक मारतानाच छातीत धडधडतं. माझे विचार कसे बदलू?

उत्तर : बाबू, पहिले हे सांग, तू सकाळी सातला ते तीनदा ओरडतोस तेव्हा घरचे काही म्हणत नाहीत? माझ्या घरी कोणी असं केलं असतं तर सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या असत्या.

तू ३१ मोजलेस, ते बरं केलंस. पण ते ३१ जण काय म्हणून नाही म्हणाले, ते तुझ्या पत्रात कुठंच नाही. मी तुझं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. साहेब काय म्हणतात ते आहे, छातीत काय होतं ते आहे, कास्तकाराचं एक वाक्य नाही.

माझ्याजवळ १९९१ सालची एक शंभर पानी वही आहे. तिच्यात विकलेल्या मालाचा हिशेब नाही, नुसते ‘नाही’ लिहून ठेवलेले आहेत. मी सातवी पास, अक्षर माझं मलाच लागत नाही, तरी आज सकाळी काढून बसले. बघ कसे आहेत : ‘कोरा. विहिरीजवळचं घर. लुगडं आवडलं, सासू घरात होती.’ ‘गिरड. दोघी बहिणी. सुतक.’ ‘कोरा. तेच घर. कापूस घरातच पडून, भाव नाही.’ ‘गिरड. हिरवा रंग धुतल्यावर गेला म्हणते. खरं आहे.’ असे १०० झाले तेव्हा मी एका दुपारी काडेपेटीतल्या काड्या मांडून मोजायला बसले. माझ्यामुळं झालेले ‘नाही’ निघाले ९. त्यातले सहा त्या हिरव्या रंगाचे, कारण रंग पक्का आहे असं मी न बघता सांगितलं होतं. दोघींना माझं मोठ्यानं बोलणं आवडलं नव्हतं आणि एकीला मी दोन तास बसवून ठेवलं होतं, तिची भाकर तव्यावर जळली होती. उरलेले ९१ माझे नव्हतेच. ते सासूचे होते, सुतकाचे होते, बहुतेक तर श्रावण-भादव्याचे होते.

त्या ९ साठी मी रडायला पाहिजे होतं आणि मी रडत होते १०० साठी.

माझी भाची अमरावतीला मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मावशी, यावर अमेरिकेत संशोधन झालं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मार्टिन सेलिगमन म्हणून प्राध्यापक आहेत. त्यांनी १९८०च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे विक्रेते तपासले. विमा विकणाऱ्याला दिवसभर नकारच ऐकावे लागतात, आणि पुष्कळ जण वर्ष-दोन वर्षांत सोडून जातात. सेलिगमननी पाहिलं ते एवढंच, की नकार मिळाला की माणूस स्वतःला त्याचं कारण काय सांगतो. ‘मी असाच आहे, नेहमी असंच होणार, माझं काहीच जमत नाही’, असं सांगणारे लवकर गळाले. ‘आज त्या माणसाला घाई होती’, असं सांगणारे टिकले. मग कंपनीनं आपल्या नेहमीच्या परीक्षेत थोडक्यात नापास झालेले, पण असे आशावादी असलेले काही लोक मुद्दाम घेऊन पाहिले. नेहमीच्या भरतीतल्या निराश मनाच्या लोकांपेक्षा त्यांनी जास्त विमे विकले. भाची हे सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, बाप्पा, माझी वही विद्यापीठात गेली की काय!

पण त्यात एक फट आहे, ती मी भाचीलाही दाखवली. प्रत्येक वेळी ‘त्याला घाई होती’ म्हणत राहिलं तर हिरवा रंग जन्मभर जात राहील. म्हणून वही. मनाला जे वाटतं ते नाही लिहायचं, समोरचा जे बोलला ते लिहायचं. त्याच्याच शब्दांत.

आता तुझा जुलै घे. जुलैत कास्तकाराच्या खिशात काय असतं? बियाणं झालं, खत झालं, डवरणीची मजुरी चालू, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर. तू त्याला दहा-बारा हजारांची वस्तू दाखवतोस. गंमत अशी, की मशीनची गरजही त्याला तेव्हाच असते. डुक्कर रात्री येऊन टोबलेलं बी उकरून जातं, रोही, म्हणजे नीलगायी, तुरीचे शेंडे खातात, माणूस बिचारा दिवसभर वावरात आणि रात्री जागलीला. गरज जुलैत, पैसा दिवाळीच्या पुढं. सोयाबीन विकलं, कापसाचा चुकारा झाला की पैसा येतो. तुझ्या साहेबांनी हे तुला सांगितलं नाही, कारण त्यांचं टार्गेट इंग्रजी महिन्याचं असतं.

म्हणून जुलैत विकू नकोस, जुलैत लावून दे. एक डेमो मशीन तुझ्याजवळ असेलच. रस्त्याला लागून असलेलं, जंगलाच्या बाजूचं, दोन-तीन एकराचं एक वावर निवड आणि आठ दिवस तिथं लाव. मालकाला म्हण, काका, आठ रात्री घरी झोपून पाहा. त्या आठ दिवसांत आजूबाजूच्या धुऱ्यावरचे सगळे येऊन तार बघून जातील, तू बोलावलं नाहीस तरी. त्यांची नावं लिहून ठेव आणि नावापुढं हे लिही : सोयाबीन किती एकर, विकणार कधी.

दुसरं, अनुदान. जंगलालगतच्या गावांत वनविभागाच्या योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. त्याची वाट पाहणारा माणूस तुला ‘नाही’ म्हणतो, पण तो मशीनला नाही म्हणत नसतो. तुझ्या ३१ मध्ये असे किती होते? माझा अंदाज, बरेच. अर्ज कुठं करायचा, कागद काय लागतात, तुझ्या गावांपैकी कोणती गावं त्यात बसतात हे वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचार. तू फुकटात अर्ज भरून दिलास तर पुढच्या घरी तुझ्याआधी तुझं नाव पोचेल.

आणि तिसरं, ज्याच्याकडं तुझं लक्षच नसेल. तू कास्तकाराशी बोलतोस तेव्हा कास्तकारीण दारात उभी असते. तिला विचार. आमच्याकडं एकानं मशीन घेतलं नाही कारण बायको म्हणाली, ‘पोट्टं तारेले लागलं त मंग?’ तिची भीती काही खोटी नाही. आपल्याकडं लोक वावराच्या तारेत घरची लाइन सोडतात, ते बेकायदा आहे आणि त्यानं माणसं मरतात. झटका मशीनचं तसं नाही. त्यात व्होल्टेज मोठं असतं पण झटका क्षणाच्या बारीकशा तुकड्याएवढा, सेकंदा-दीड सेकंदाला एक, मधल्या वेळात तार सोडता येते. हा फरक तिला समजावून सांग. आणि त्याच दमात हेही सांग, की चांगल्या बनावटीचं मशीनच घ्यायचं, तारेवर पाटी लावायची, आणि मशीन असलं तरी लेकरांना तारेशी खेळू द्यायचं नाही. एवढं सांगितल्यावरही ती नाही म्हणाली तर लिहून ठेव आणि पाणी पिऊन पुढं जा.

छातीतल्या धडधडीचं मात्र हसण्यावारी नेत नाही. झोप-जेवण जात असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखव. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि ते सकाळचं रेकॉर्डिंग पाठवत राहा, नोकरी आहे बाबा. एकदाच करून ठेव आणि तेच रोज पाठव. कोणी ऐकत नसतं.

प्रश्न : आमचा बचत गट आहे, आर्वी तालुक्यात. आम्ही तिघी जवसाची चटणी करतो. २०० ग्रॅमच्या पाकिटाला ३८ रुपये खर्च येतो, ५० ला विकतो. एका खेपेला ६० पाकिटं होतात. ४५ रोखीनं जातात, १५ ओळखीत जातात. कोणी नंतर देतो म्हणतं, कोणी चव बघायला नेतं. पैसे मागायला जीभ उचलत नाही. घरचे म्हणतात तुमच्यात धंद्याची हिंमत नाही. हिंमत कशी आणायची?

उत्तर : ताई, हिंमत राहू द्या, पाटी-पेन्सिल घ्या. ६० पाकिटांचा खर्च २,२८०. पंचेचाळीस गुणिले ५०, म्हणजे आले २,२५०. तुम्ही तिघी दिवसभर जवस भाजता, कुटता, पाकिटं चिकटवता आणि वरून ३० रुपये देऊन घरी जाता. सगळी पाकिटं रोखीनं गेली असती तर ७२० उरले असते, तिघींना २४० प्रत्येकी.

हा हिशेब तुमच्या नंदेला, जावेला, सरपंचबाईंना दाखवायचा नाही. तुमच्या तिघींत मांडायचा, प्रत्येक खेपेनंतर. जीभ उचलत नाही कारण तुम्हाला वाटतं आपण ५० रुपयांसाठी माणूस तोडतो आहोत. खरं तर ते ५० तुमच्या जोडीदारणीच्या मजुरीतले आहेत, आणि दुसरीच्या मजुरीसाठी बाईची जीभ बरोबर उचलते. मी पाहिलं आहे.

चव बघायला एक वेगळी बरणी ठेवा, चमचा ठेवा. पाकीट फोडून चव नाही.

आता उधारी. खेड्यात उधारी बंद करा असं सांगणारा माणूस शहरातला असतो. मी ३० वर्षं उधारीवर विकलं. एकच शिकले, की उधारीला तारीख कॅलेंडरची नसावी, समोरच्याच्या घरातली असावी. ‘महिन्याभरानं देते’ म्हणणारी देत नाही. ‘संक्रांतीच्या वाणाच्या आधी’, ‘पोळ्याच्या बाजाराला’, ‘वेचणीचे पैसे आले की’, असं स्वतःच्या तोंडानं बोललेली देते.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. तो ऐन वेचणीचा हंगाम. बायकांना मजुरी त्याच नोटांत मिळालेली. पुढच्या बाजाराला एक म्हातारी माझ्या पालात आली, कमरेची पिशवी सोडली, पिशवीत रुमाल, रुमालात प्लॅस्टिक, प्लॅस्टिकात पाचशेची एक नोट आठ घड्या घातलेली. ती उलगडायला तिला एवढा वेळ लागला की मागच्या दोघी बसून घेत्या झाल्या. म्हणाली, ‘चालते नं बाई?’ मी म्हटलं, आजी, नोट बँकेत टाका, ३० डिसेंबरपर्यंत घेतात, लुगडं घेऊन जा. ‘मंग कवा देऊ?’ तुम्हीच सांगा. म्हणाली, ‘चना निंगाला का.’ त्या हंगामात मी ४१ जणींना असं दिलं. होळीपर्यंत ३४ जणींनी आणून दिले. आजी चण्यासकट आली, पैसे दिले आणि ओंजळभर हरभरा ओटीवर टाकून गेली. सात जणींचे बुडाले. त्या सातांतल्या तिघी अजून रस्त्यात मला पाहून पदर पुढं घेतात. मी आधी नमस्कार करते. त्यांचा त्रास माझ्यापेक्षा मोठा आहे.

मोठी रक्कम असेल, दुकानदाराला वगैरे माल दिला असेल, तर मात्र बिलावर त्याची सही घ्या. अशी थकबाकी कोर्टातून वसूल करायची मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपायच्या आत त्यानं ‘एवढे देणं आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं तर ती तिथून नव्यानं मोजतात. चटणीसाठी कोणी कोर्टात जात नाही, पण सही मागितली की माणूस जरा नीट बसतो.

आणि ५० हा भाव कोणी ठरवला? ५५ करून पाहा. एका खेपेला ३०० जास्तीचे येतील.

प्रश्न : नागपूरला दोन दिवसांचं शिबिर आहे, ‘करोडपती मानसिकता’. फी ६,५००. किराणा दुकान आहे. जाऊ का?

उत्तर : त्या ६,५०० रुपयांत दुकानात काय भरता येईल त्याची यादी करा. यादी करताना मन लागलं तर जाऊ नका. मन लागलं नाही तर किराणा तुमचा धंदा नाही, आणि ते शिबिरात कळायला दोन दिवस लागतील.

प्रश्न : काकू, माझं तयार कपड्यांचं दुकान आहे, आष्टी तालुक्यात. पोरं सगळं फोनवर मागवतात. कहर म्हणजे पार्सलवाला माझ्याच दुकानात पार्सलं ठेवून जातो, कारण गावात दिवसभर उघडं असणारं दुकान माझंच. लोक माझ्या काउंटरवरून दुसऱ्याचा माल घेऊन जातात. बायको म्हणते पॉझिटिव्ह राहा. तुम्ही कसं राहता? तुम्हाला कधी धंदा सोडावासा वाटला नाही?

उत्तर : भाऊ, पार्सलाचं वाचून मी इतकी हसले की ठसका लागला, रागावू नका. मग वाईटही वाटलं, कारण माझ्या दुकानातही तीन पडलेली आहेत. एक माझ्याच नातीचं.

सगळं सुरळीत होईल असं मी तुम्हाला लिहीत नाही. फोनवर ज्या भावात टी-शर्ट मिळतो त्या भावात मला नागपूरच्या गांधीबागेत, कापडाच्या बाजारात, ठोकातही मिळत नाही. तो धंदा गेला. मी २०१२ साली लुगडी भरणं कमी केलं, कारण नेसणाऱ्या बायका एकेक करून देवाघरी चालल्या होत्या. तेव्हा उमेद धरून ४० लुगडी भरली असती तर आजही घडीवर घडी बघत बसले असते.

पण काही गोष्टींना फोन पुरत नाही. परवा पहाटे पाचला शटर वाजलं. गावात मयत झाली होती. पातळ, टॉवेल, टोप्या, सगळं तासाभरात पाहिजे. मग तेरवीचे आहेर आले, ‘काकू, मापं तुम्हाला माहीत आहेत, काढून ठेवा.’ मरण सांगून येत नाही आणि पार्सल चार-पाच दिवस घेतं. शाळेचा गणवेश, जो दर वर्षी एक नंबर मोठा लागतो आणि हमखास बदलून द्यावा लागतो. साडीला फॉल-पिको. फोनवरून आलेली पँट खाली दोन बोटं लांब असते, ती कापून शिवून द्यायला माणूस लागतो. तुमच्या काउंटरवर पार्सल घ्यायला रोज दहा जण येतात ना? एक शिलाई मशीन तिथं ठेवा आणि पाटी लावा, ‘पार्सल इथं फोडा, माप इथं करून घ्या’. पार्सलवाल्याकडून ठेवणावळ मागा. नाही दिली तर उद्यापासून पिंपळाखाली ठेव म्हणा.

सोडावासा वाटला का? वाटला. १९९४, आषाढ. गांधीबागेतून २२ साड्यांचं गाठोडं घेऊन निघाले, एसटीत जागा नाही म्हणून टपावर टाकलं. वर ताडपत्री होती, म्हणजे आहे असं कंडक्टरनं सांगितलं. जामच्या चौरस्त्यावर गाडी बदलायला उतरले तर अशी झडी, की समोरची टपरी दिसेना. गाठोडं खाली आलं तेव्हा त्यातून लाल पाणी गळत होतं. तिथंच टपरीत सोडून पाहिलं. एकीचा रंग दुसरीत, दुसरीचा तिसरीत. २,४२० रुपयांचा माल, त्यातला अर्धा उधारीचा. मी ठरवलं, आता घरी जायचं, सांगायचं नाही कोणाला काही, उद्यापासून निंदणाला जायचं. तिथं बाई पोहे देत होती, ती गिऱ्हाइकं टाकून आली, एका साडीचं टोक बोटांत धरून चोळलं आणि म्हणाली, ‘सूत त चांगलं हाये. वाकळीले किती घेतं?’

मला बोलायलाच सुचेना. तीच म्हणाली, तीस. तिनं दोन घेतल्या, तिच्या बहिणीनं एक, थांब्यावरच्या बायकांनी सहा. २७० रुपये झाले, ओल्या नोटा. उरलेल्या १३ मी घरी आणल्या आणि त्या पावसाळ्यात सासूबाईंनी व मी मिळून वाकळी शिवल्या. चार विकल्या. एक अजून घरी आहे, दर वर्षी पोळ्याच्या आधी धुते आणि दर वर्षी बादलीतलं पहिलं पाणी लाल निघतं.